भुवयांचा टॅटू : सहा आठवड्यांआधी रंगाचा निकाल लावू नका

मायक्रोब्लेडिंग म्हणजे भुवयांचा टॅटू केल्यावर तिसऱ्या दिवशी भुवया काळ्याकुट्ट दिसतात आणि दहाव्या दिवशी जवळपास गायब होतात. दोन्ही वेळा घाबरून पार्लरला फोन जातो. खरं तर दोन्ही वेळा त्वचा ठीकठाक भरत असते.

बारीक सुयांचं पातं केसासारख्या रेघा ओढत त्वचेच्या आतल्या थराच्या अगदी वरच्या भागात रंग सोडतं. थोडा रंग बाहेरच्या थरातही अडकतो, त्यावर जखमेतून झिरपणारं पाणी (लस) वाळतं, म्हणून सुरुवातीला भुवया गडद दिसतात. पाचव्या दिवसाच्या आसपास खाज सुटते आणि बारीक पापुद्रे निघू लागतात. त्यांना रंग चिकटलेला दिसला तरी काळजी नको, तो वरचा रंग जायचाच असतो. खपली नखाने ओढली, तर मात्र खालचा रंगही उपटून येतो आणि तेवढी जागा कोरी राहते.

पापुद्रे गेल्यावर उरते ती नवी, अजून धुरकट काचेसारखी त्वचा. तिच्याआडचा रंग फिका, तुटक वाटतो. आत मॅक्रोफेज नावाच्या पेशींनी रंगाचे कण गिळून जागीच धरलेले असतात. या पेशी मेल्या की सांडलेले कण नव्या पेशी गिळतात, हे फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं. बाहेरचा थर बदलायला साधारण ४ आठवडे लागतात, तसा रंग पुन्हा उघडतो. म्हणून टच-अप, म्हणजे राहिलेल्या जागी पुन्हा रंग भरणं, ६ ते ८ आठवड्यांनी करावा. त्याआधी केलेला टच-अप म्हणजे न भरलेल्या जखमेवर दुसरी जखम.

पहिल्या दिवशी येणारी लस दर तासा-दीड तासाने निर्जंतुक गॉजने हलकेच टिपा; ती साचून वाळली की जाड खपली धरते. नंतर हात धुऊन, सांगितलेलं मलम दोन्ही भुवयांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढंच लावा. जाड थराखाली खपली भिजून रंगासकट सुटते. हळद, खोबरेल, ताजी कोरफड यांतलं काहीही निर्जंतुक नसतं, तेव्हा घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी ते लावू नका. १० ते १४ दिवस वाफ, पोहणं, घाम येणारा व्यायाम आणि भुवयांवर मेकअप बंद. रेटिनॉल आणि ग्लायकॉलिक ॲसिडची क्रीम पुढेही भुवयांपासून लांबच ठेवा, रंग लवकर उडतो.

लाली, सूज आणि हुळहुळ दोन-तीन दिवसांत उतरायला हवी. त्यानंतर दुखणं वाढलं, जागा गरम लागली, पिवळा पू आला किंवा ताप चढला, तर पार्लरला नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रेघांवर टणक गाठी उठल्या तरीही तेच.

भरल्यानंतर निळसर-राखाडी झाक दिसली, तर बहुधा रंग फार खोल गेलेला असतो. त्यावर घाईने लेसर नको. तपकिरी रंगांत बऱ्याचदा लोहाची ऑक्साइडं असतात आणि लेसरने ती क्षणात काळी पडू शकतात. आधी एका कोपऱ्यातल्या छोट्या ठिपक्यावर चाचणी करून घ्या.