दिव्याचे वॅट वाचले म्हणजे बॅटरी वाचली का?

मोटरसायकलचा पिवळा हॅलोजन काढून एलईडी बसवला की वीज वाचते, असे गॅरेजमध्ये नेहमी सांगितले जाते आणि ते खोटे नाही. मात्र त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. दिवा कमी वीज खातो ही एक गोष्ट आणि तेवढी वीज बॅटरीत शिल्लक राहते ही दुसरी. पहिली गोष्ट योग्य दिवा निवडला तर कोणत्याही गाडीत साधते, दुसरी मात्र काही गाड्यांत साधते, काहींत साधत नाही आणि काहींत उलटाच परिणाम होतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा शिरपूर-शहाद्याकडे रात्रपाळीच्या विजेवर पाण्याची मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी स्टार्टरची पेटी दिसावी म्हणून गाडी बंद करून हेडलाईट तेवढा चालू ठेवतो, तेव्हा या दोहोंतला फरक त्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो.

आधी दिव्याचा हिशेब पाहू. शंभर-सव्वाशे सीसीच्या हॅलोजनवाल्या बहुतेक गाड्यांत 35/35 वॅटचा बल्ब असतो (पहिला आकडा लांबच्या उजेडाचा, दुसरा डिपरचा), मोठ्या गाड्यांत 60/55 वॅटचा. मागच्या दिव्याला 5 वॅट, ब्रेक दाबल्यावर 21 वॅट आणि इंडिकेटरच्या एका बाजूच्या दोन बल्बना मिळून 20 वॅट लागतात. हॅलोजन एका वॅटमागे साधारण 15 ते 25 ल्युमेन (उजेड मोजायचे एकक) उजेड देतो आणि उरलेल्या विजेची उष्णता होते. चांगला एलईडी तेवढ्याच विजेत 80 ते 100 ल्युमेन देतो. 35 वॅटच्या हॅलोजनचा डिपरवरचा प्रमाणित उजेड सुमारे 525 ल्युमेन आहे, म्हणजे तितक्या उजेडाला दहा वॅटच्या आतला एलईडी पुरतो. म्हणूनच 40 वॅटचा एलईडी विकत घेऊन वीज वाचल्याचे समाधान मानणे चुकीचे आहे, कारण तो मूळ बल्बपेक्षा जास्त वीज ओढतो. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा मिस्त्रीला मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष अँपिअर मोजायला सांगावेत.

आता हे वाचलेले वॅट कुठे जातात, ते पाहायला हवे. इंजिनातले मॅग्नेट फिरते, कॉइलमध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज तयार होते आणि ती विजेचा दाब आवरणाऱ्या व एसीची डीसी करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये येते. डीसी हेडलाईटच्या गाडीत त्या साऱ्या विजेची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होते, बॅटरी चार्ज होते आणि सगळे दिवे बॅटरीच्या तारेवर चालतात. एसी हेडलाईटच्या गाडीत मात्र कॉइलच्या लहरीचा एक अर्धा भाग बॅटरीकडे जातो आणि दुसरा अर्धा भाग थेट हेडलाईटला व बहुधा मागच्या दिव्याला मिळतो, तर हॉर्न, ब्रेक लाईट आणि इंडिकेटर तेवढे बॅटरीवर राहतात. अशा गाडीत हेडलाईटचे 25 वॅट वाचवले तरी त्यांतला एकही वॅट बॅटरीकडे वळत नाही, कारण तो अर्धा भाग बॅटरीच्या वाट्याचा कधी नव्हताच.

त्यात एलईडीला डीसी लागते. एसीच्या तारेवर हॅलोजनची तापलेली तार लहरींमधल्या फटींत थंड होत नाही, म्हणून तिचा उजेड सलग वाटतो. एलईडी मात्र प्रत्येक फटीत विझतो आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, थरथरताना दिसतो. ही थरथर घालवण्यासाठी पुष्कळदा हेडलाईटची तार एसीवरून काढून बॅटरीला जोडली जाते. चार्जिंगच्या बाजूत काही बदल न करता असे केले, तर पूर्वी बॅटरीवर नसलेला दहा-पंधरा वॅटचा भार अर्ध्या लहरीवर भरणाऱ्या बॅटरीवर कायमचा येऊन पडतो. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू असताना सतत पेटलेला राहतो, त्यामुळे अशा गाडीत हा भार दिवसाही चालूच असतो. वीज वाचवायला बसवलेला दिवाच बॅटरी उतरवतो तो असा, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

आपली गाडी यांपैकी कोणती, हे ओळखणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी. हेडलाईट पेटला तर गाडी डीसीची. न पेटल्यास लगेच एसी समजू नये, कारण काही डीसी गाड्यांतही तो इंजिन सुरू झाल्यावरच पेटतो. मग अंधारात आयडलिंगवर उभे राहून ॲक्सिलरेटर द्यावा. उजेड आधी मंद आणि मग रेसबरोबर स्पष्टपणे वाढणारा असेल तर ती एसीची तार आहे.

डीसी गाडीत बचत खरी असते, पण तीही सर्व वेळ सारखी नसते. गाडी हमरस्त्यावर वेगात असताना मॅग्नेट गरजेपेक्षा जास्त वीज देते आणि बहुतेक गाड्यांतला शंट प्रकारचा रेग्युलेटर उरलेली वीज कॉइलमध्येच परत फिरवून उष्णतेत घालवतो. पांझरेकाठच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर मिळून भिजवल्या जाणाऱ्या शेतांत, एखाद्या वाफ्याने पाणी कमी घेतले म्हणून पाटात येणारे पाणी घटत नाही, ते सांडव्यातून पुढे जाते. तसेच येथे होते. इंजिनावरचा ओढा जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे एलईडीने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा अशा गाडीत धरू नये. रेग्युलेटर दुसऱ्या प्रकारचा असला तरी पन्नासच्या वेगाला दीड किलोवॅटच्या आसपास शक्ती लागणाऱ्या गाडीत 25 वॅट म्हणजे दोन टक्केही नाहीत.

खरा लाभ मिळतो तो इंजिन बंद असताना आणि आयडलिंगला. लहान गाडीची बॅटरी अडीच ते पाच अँपिअर-तासांची असते (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरचा ओढा तासभर पुरणे). हेडलाईट आणि मागचा दिवा मिळून 40 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर सव्वातीन अँपिअरहून थोडे जास्त. अडीचची नवी बॅटरीही कागदावर पाऊण तासात आणि प्रत्यक्षात त्याच्या बरीच आधी रिकामी होते. तेच दोन्ही दिवे एलईडी केले तर ओढा एका अँपिअरच्या आत येतो आणि स्टार्टर शोधून, मोटार सुरू करून, पाणी नीट चालले आहे ना हे पाहून परतल्यावरही सेल्फ लागतो. भुसावळच्या उन्हाळ्याने लेड-ॲसिड बॅटरी मुळात लवकर थकते, तिला ही सवलत मिळणे फारच गरजेचे आहे. जळगावच्या अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी ब्रेक दाबून, इंडिकेटर चालू ठेवून थांबावे लागते, तेव्हाही मंद फिरणाऱ्या मॅग्नेटची वीज अपुरी पडते आणि तूट बॅटरी भरून काढते.

म्हणून गाडी एसीची असल्यास हेडलाईटला हात न लावता बॅटरीवर चालणारे ब्रेक लाईट आणि इंडिकेटर आधी बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च थोडा आणि लाभ थेट बॅटरीला. ब्रेकचे 21 वॅट दोन-तीन वॅटवर येतात. इंडिकेटरच्या बाबतीत मात्र जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) बल्बच्या भारावर चालतो. भार घटला की तो भराभर लुकलुकतो किंवा उघडझाप थांबते. यावर काही जण रेझिस्टन्स जोडून देतात. तो जुन्या बल्बइतकीच वीज जाळतो आणि सगळी बचत वाया जाते. त्याऐवजी एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मागून घ्यावा. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच बाण असलेल्या गाडीत चारही इंडिकेटर एकदम पेटू लागतील; त्या बाणाच्या दोन्ही तारांत एकेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकून त्या बाणाच्या बल्बच्या एकाच टोकाला जोडल्या आणि दुसरे टोक अर्थ केले की तेही थांबते.