तारखेतून वेळ वजा करणे : जावामधील बदलांची पार्श्वभूमी

१९९६ साली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातील 'डेट' क्लासच्या (क्लास म्हणजे माहितीचा साचा) ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे त्या साच्यातून बनवलेल्या प्रत्येक तारखेत, एकच पूर्णांक साठवलेला असे : यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेली मिलिसेकंदे. वजाबाकीसाठी मेथड (क्लासमधली तयार क्रिया) नसल्यामुळे हा आकडा बाहेर काढायचा, त्यातून हवी तेवढी मिलिसेकंदे वजा करायची आणि उरलेल्या आकड्यापासून नवे ऑब्जेक्ट बनवायचे, अशी वहिवाट पडली. तिच्यातला धोका वरवर पाहता लक्षात येत नाही. ३० दिवस मागे जाण्यासाठी ३० × २४ × ६० × ६० × १००० असा गुणाकार लिहिला, तर २,५९,२०,००,००० हे उत्तर ३२ बिटांच्या 'इंट' या जावातील पूर्णांकाच्या प्रकारात मावत नाही. हाती येते ती −१,७०,२९,६७,२९६ ही ऋण संख्या, आणि ती वजा केल्यावर तारीख मागे जाण्याऐवजी जवळजवळ २० दिवस पुढे सरकते. २४ दिवसांपर्यंत मात्र हाच कोड अचूक चालतो, म्हणूनच ही चूक चाचणीतून सहज निसटते.

१९९७ मध्ये आलेल्या 'कॅलेंडर' क्लासमुळे हा गुणाकार टळला. त्याच्या 'अॅड' मेथडला ऋण संख्या दिली की वेळ मागे जाई. पण त्यात मूळ ऑब्जेक्टच बदलत असल्याने, तेच ऑब्जेक्ट वापरणाऱ्या कोडच्या दुसऱ्या भागातली तारीखही नकळत बदलून जाई. माझ्या मते जुन्या रचनेतला सर्वांत गंभीर दोष हाच होता.

यावर उपाय म्हणून स्टीफन कोलबोर्न यांच्या पुढाकाराने 'जोडा-टाइम' ही लायब्ररी (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच) तयार झाली आणि तिच्या अनुभवावर बेतलेली नवी रचना मार्च २०१४ मध्ये जावा ८ मधून भाषेतच दाखल झाली. या रचनेत तारखेचे ऑब्जेक्ट बदलत नाही, वजाबाकीतून नवे ऑब्जेक्ट मिळते. शिवाय सेकंदांत मोजलेल्या काळासाठी 'ड्युरेशन' आणि वर्षे, महिने, दिवस यांसाठी 'पीरियड' असे दोन स्वतंत्र क्लास आहेत. या दोहोंतला फरक उदाहरणाने दिसतो. लंडनमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एक तास पुढे गेली. त्या दिवशीच्या दुपारच्या १२ मधून 'ड्युरेशन' वापरून २४ तास वजा केले, तर आदल्या दिवशीचे सकाळचे ११ येतात. 'पीरियड' वापरून एक दिवस वजा केला, तर आदल्या दिवशीचे दुपारचे १२ च. भारतात घड्याळे अशी मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे फक्त भारतीय वेळेवर तपासलेल्या कोडमध्ये हा फरक दिसून येत नाही.