उरलेली वाफ परत बॉयलरमध्ये का ढकलत नाहीत?

२०१३च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कारण कोळसा नव्हे, पाणी. गोदावरीवरचा खडका बंधारा आटला होता. अशा बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास निघतो: टर्बाइनची वाफ तर बंद नळ्यांतून गोल फिरते, ती संपत नाही, मग या केंद्रांना रोज एवढं पाणी लागतं कशाला? बहुतेक पाणी लागतं ते टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करायला. म्हणजे कोळसा जाळून वाफ करायची, ती टर्बाइन फिरवून आली की थंड करून तिचं पाणी करायचं आणि तेच पाणी पुन्हा उकळायचं. निम्म्याहून जास्त उष्णता या भानगडीत हवेत जाते. मग उरलेली वाफ तशीच बॉयलरमध्ये ढकलली तर हा द्राविडी प्राणायाम वाचणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. वाफेचं टर्बाइन जगभर का टिकून आहे, याचं उत्तरही त्यातच आहे.

चंद्रपूरला ५०० मेगावॉटचे संच आहेत. या क्षमतेच्या नेहमीच्या संचात वाफ टर्बाइनमध्ये शिरते तेव्हा तिचं तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १७० पट असतो. एवढ्या दाबाखाली एक किलो वाफ जेमतेम वीस लिटर जागेत मावते. तीच वाफ शेवटच्या पात्यांमधून बाहेर पडते तेव्हा तिने तेरा हजार लिटरच्या आसपास जागा व्यापलेली असते. म्हणजे साडेसहाशे पट फुगवटा! टर्बाइन फिरतं ते या फुगण्याच्या जोरावर. एवढा फुगवटा दट्ट्याच्या इंजिनात सामावायचा तर सिलिंडर घराएवढा करावा लागेल. इंजिनियर चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये हा पेच सोडवला. दाब एकदम न उतरवता त्याने तो पात्यांच्या अनेक रांगांतून थोडा थोडा उतरवला, आणि प्रत्येक रांगेकडून थोडं थोडं काम करून घेतलं. आजच्या टर्बाइनमध्येही सुरुवातीची पाती बोटभर असतात. शेवटची मीटरभर लांब असतात आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात त्यांची टोकं ध्वनीपेक्षा जोरात धावतात.

पण वाफ इतकी फुगते कशी? नुसतं मागून ढकलून नव्हे. टर्बाइनच्या खाली कंडेन्सर असतो. त्यात हजारो बारीक नळ्या, नळ्यांतून गार पाणी आणि बाहेरच्या अंगाला वाफ. नळीला टेकताच वाफेचं पाणी होतं, हजारो लिटरचं एका लिटरवर येतं आणि जागा रिकामी पडते. त्यामुळे कंडेन्सरमध्ये हवेच्या दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा दाब उरतो. इंजिनियर त्याला सरळ ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. वाफ या पोकळीकडे ओढली जाते. ती उघड्या हवेत सोडली असती, तर हवेच्या दाबाशी येऊन थांबली असती आणि मिळणाऱ्या कामापैकी साधारण पाचवा हिस्सा बुडाला असता. मे महिन्यात पाणी कोमट झालं की व्हॅक्यूम घटतो आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. केंद्रातल्या माणसाला उन्हाळा कंट्रोल रूममधल्या काट्यावरही दिसतो.

आता मूळ प्रश्न. बॉयलरमध्ये दाब १७० पट आहे. आत काहीही घालायचं तर त्या दाबाविरुद्ध रेटावं लागणार. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. आत हवा असेल तर दट्ट्या बराच आत जातो, दमही बराच लागतो. पंप पाण्याने भरलेला असेल तर दट्ट्या हलतच नाही. जोर तुम्ही लावता, पण सरकणं नाही म्हणजे कामही नाही, कारण काम म्हणजे बल गुणिले अंतर. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून त्याचा दाब वाढवणं स्वस्तात पडतं. एक लिटर पाणी १७० पट दाबापर्यंत न्यायला फीड पंपाला, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी रेटणाऱ्या पंपाला, वीसेक किलोज्यूल लागतात. तेच एक किलो पाणी वाफ होऊन टर्बाइनला हजाराहून जास्त किलोज्यूल देतं. वाफ मात्र तेरा हजार लिटरवरून पुन्हा दाबत आणायची, तर टर्बाइनने जेवढं दिलं तेवढं सगळं, वर घर्षणाचा भुर्दंड, परत द्यावं लागेल. हाती शून्य.

फुगताना वायू आणि आत रेटताना द्रव: वाफेच्या चक्राची सगळी कमाई या अदलाबदलीत आहे, आणि अदलाबदल करण्याची किंमत म्हणजे ती हवेत जाणारी उष्णता. जळत्या वायूवर फिरणाऱ्या गॅस टर्बाइनला ही सोय नाही, त्याला आत रेटतानाही हवाच दाबावी लागते. त्याच्या टर्बाइनने केलेल्या कामातलं निम्मं किंवा त्याहूनही जास्त स्वतःचाच कॉम्प्रेसर खातो.

मोटरने जनरेटर फिरवून त्याच जनरेटरवर मोटर चालवणारे ‘फुकट वीज’वाले व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. ‘उरलेली वाफ परत ढकला’ हीसुद्धा त्याच जातीची कल्पना आहे, फक्त जरा सभ्य वेशातली. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल हे सांगणारा कार्नोचा नियम तर आणखी कडक आहे. ५४० आणि ४५ अंशांच्या मध्ये काम करणारं निर्दोष यंत्रसुद्धा ६१ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. खरी केंद्रं चाळिशीच्या अलीकडेपलीकडेच राहतात.

उष्णता कशाचीही असो, पाणी उकळलं की पुढचं सगळं तेच. तारापूरला १९६९ पासून युरेनियम तेच करतंय. कंडेन्सरला गार पाणी मात्र तिथे अरबी समुद्र पुरवतो, म्हणून तिथे कूलिंग टॉवर लागत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात समुद्र कुठून आणायचा? तिथे नळ्यांतून तापून आलेलं पाणी टॉवरमध्ये वरून शिंपडतात. थोडं उडून जातं आणि जाताना बाकीच्याला गार करून जातं. टॉवरच्या डोक्यावर दिसणारा तो पांढरा लोट धूर नव्हे, त्या उडालेल्या पाण्याचेच थेंब आहेत. राख आणि गंधकाची तक्रार करायची तर बोट शेजारच्या उंच, बारीक धुराड्याकडे दाखवावं.

टॉवरवरून उडतं तेवढं पाणी रोज नव्याने घालावं लागतं. २०१५च्या केंद्रीय नियमाने जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरांची मर्यादा घातली. हवेने गार होणारे कंडेन्सर लावले तर हा खर्च बराच वाचतो. पण नागपूरच्या मे महिन्यातल्या हवेने किती व्हॅक्यूम मिळणार? त्यापेक्षा नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राने काढलेली वाट शहाणपणाची वाटते. तिथे नागपूर शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात. कंडेन्सरला काय, पाणी गार असलं आणि नळ्या खात नसलं की पुरे.