‘अ‍ॅपिको’ : नाव एक, शस्त्रक्रिया दोन

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दातांच्या दवाखान्यात, रूट कॅनाल फसल्यावर ‘अ‍ॅपिको करावं लागेल’, म्हणजे शस्त्रक्रियेनं दाताच्या मुळाचं टोक कापावं लागेल, असं कानावर पडलं, की सोबत आलेलं एखादं जाणतं माणूस हमखास म्हणतं, “काही फायदा नाही होत त्याचा, दात काढूनच टाका न जी.” हा अविश्वास उगाच आलेला नाही.

मुळाचं टोक कापण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची. मधल्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दाताखालचा पू सांध्यांपासून हृदयापर्यंत सगळं बिघडवतो या मताचा जोर होता आणि वाचू शकणारे दातही सर्रास उपटले गेले.

खरा घोळ नावात आहे. ‘अ‍ॅपिको’ म्हणजे टोक कापणं, एवढंच. पण जंतूंची वाट बुजते ती कापलेल्या मुळात मागच्या बाजूनं भरलेल्या सिमेंटनं, आणि नावात त्याचा पत्ताच नाही. 1990 च्या आधी मूळ सुमारे 45 अंशांत तिरकं कापत, कारण सरळ कापलं तर आतलं दिसतच नसे. तिरक्या कापामुळे मुळातल्या सूक्ष्म नलिका उघड्या पडत, वर भरायला चांदी म्हणून ओळखलं जाणारं अमाल्गम. गळती व्हायचीच.

नंतर सूक्ष्मदर्शक आला, अल्ट्रासॉनिक कंपनांवर चालणारी बारीक टोकांची हत्यारं आली. आता साधारण 3 मिलिमीटर मूळ जवळजवळ काटकोनात कापतात, आत तेवढीच खोल पोकळी करतात आणि एमटीए भरतात. हे एमटीए म्हणजे घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटचं चुलत भावंड. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के, नव्या पद्धतीचं 94 टक्के निघालं. निवडक अभ्यासांचे आकडे आहेत, प्रत्येक खुर्चीवर 94 मिळतील असं नाही. तरी इतकी तफावत असलेल्या दोन कामांना एकच नाव चालू ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. चिठ्ठीवर आजही नुसतं ‘अ‍ॅपिको’ लिहिलेलं असतं.

रूट कॅनाल आधी पुन्हा करून पाहायचं की थेट शस्त्रक्रिया, हा वाद वेगळा. जुनं काम कच्चं असेल तर बहुतेक जण आधी तेच उघडतात. आत पोस्ट, म्हणजे मुळात रोवलेली आधाराची खुंटी, घट्ट बसवलेली असेल तर शस्त्रक्रियेकडे वळतात.

आपल्याकडे आणखी एक अडसर, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. वर्षानुवर्षांच्या सुपारीनं गाल आवळले आणि तोंड दोन बोटंही उघडेना, की मागच्या दाढेपाशी यातलं काहीच पोचत नाही.