ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन? एका डेस्कटॉपवर दोन ओएस चालवायच्या म्हणजे नक्की काय

'मशीनवर विंडोज पण पाहिजे आणि लिनक्स पण' असं म्हटलं की समोरून दोन उत्तरं एकदम येतात, एक जण म्हणतो ड्युअल बूट कर, दुसरा म्हणतो व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) टाक, आणि विचारणाऱ्याला वाटतं की रस्ते दोन असले तरी पोचायचंय एकाच ठिकाणी. तसं नाहीये. ड्युअल बूटमध्ये दोन्ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) डिस्कवर शेजारी शेजारी असतात, पण एका वेळी एकच जागी असते आणि दुसरी तोवर डिस्कवरचा नुसता डेटा असते. व्हीएममध्ये दोन्ही एकाच वेळी जाग्या, पण मशीनची मालकीण एकच, म्हणजे होस्ट, आणि पाहुणीला होस्ट देईल तेवढीच रॅम, तेवढेच कोअर, आणि ग्राफिक्स कार्ड तर बहुतेक वेळा खोटंखोटंच. त्यामुळे 'फास्ट कुठलं' हे नंतर बघू, आधी हे ठरवा की दोन्ही एकाच वेळी लागतात का आणि दोघींपैकी खरं हार्डवेअर कुणाला लागतं.

आधी ड्युअल बूट, कारण तो वरून सोपा दिसतो. पॉवर बटण दाबलं की मदरबोर्डाचं यूईएफआय फर्मवेअर (ओएसच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, सवयीने त्यालाच बायोस म्हणतात) स्वतःच्या छोट्या मेमरीत ठेवलेली बूट एंट्रींची यादी बघतं, त्यातली पहिली उचलतं, आणि डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमधली एक छोटी फाइल चालवतं. हे पार्टिशन फॅट३२ मध्ये असतं, विंडोज ते साधारण १०० एमबीचं करते. ती फाइल एकतर विंडोज बूट मॅनेजर असते नाहीतर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम). म्हणजे दोन ओएसमधलं सगळं भांडण या एवढ्याशा पार्टिशनवर आणि त्या यादीवर असतं, बाकीची अख्खी टेराबाइटची डिस्क बिचारी गप्प असते. विंडोजचं मोठं अपडेट आलं आणि ग्रब 'गायब' झाला असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ग्रब जागेवरच असतो, फक्त यादीत खाली गेलेला असतो, बायोसमध्ये जाऊन क्रम बदलला की झालं, लगेच रीइन्स्टॉल करायला धावायचं कारण नाही. उलटंही होतं, ग्रब येतो पण त्यात विंडोजच दिसत नाही, ग्रब २.०६ पासून (२०२१) दुसऱ्या ओएस शोधणारा ओएस-प्रोबर बाय डिफॉल्ट बंद असतो, काही डिस्ट्रो (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या) तो स्वतःहून चालू करून देतात, काही नाही, मग ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून मेन्यू परत बनवायचा.

इन्स्टॉल करताना एक बारीक गोष्ट बघा. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एका नावाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या नाही. विंडोज यूईएफआय मोडमध्ये असेल (विंडोज ११ तर असणारच) आणि लिनक्स चुकून जुन्या लेगसी मोडमध्ये टाकलं तर दोन्ही नीट चालतील, पण एका मेन्यूत एकत्र येणार नाहीत, आणि दर वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागेल.

आता रोजच्या कटकटी. पहिली म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण शट डाउन नसतं, कर्नल (ओएसचा गाभा) हायबरनेट होऊन, म्हणजे आहे त्या स्थितीत, डिस्कवर जातो, म्हणजे विंडोजच्या लेखी ती अजून अर्धी जागीच असते आणि तिचं एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टीम) पार्टिशन 'वापरात आहे' असा शिक्का मारून ठेवलेलं असतं. मग लिनक्समध्ये येऊन तुम्ही डेटाचं पार्टिशन उघडता, फाइली सगळ्या दिसतात, एक उघडून बदल करता, सेव्ह दाबता आणि तो म्हणतो रीड-ओन्ली. आपल्याला वाटतं परमिशनचा घोळ, तासभर परमिशन बदलत बसतो, आणि दुखणं भलतीकडेच असतं. जबरदस्तीने राइट करायला गेलात तर डेटाची वाट लागू शकते. विंडोजमध्ये हायबरनेशनच बंद करून टाका, फास्ट स्टार्टअप त्याच्याबरोबर जातो, एसएसडी असेल तर बूटच्या वेळात फारसा फरक जाणवतही नाही.

दुसरी कटकट घड्याळाची. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं मानते, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं मानतं, त्यामुळे एकीतून दुसरीत गेलं की वेळ बरोब्बर टाइमझोनच्या फरकाइतकी चुकते. सेल संपला असेल म्हणून लोक मदरबोर्डचा सेल बदलतात! सेल बिचारा ठणठणीत असतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं, पण तसं केलं की लिनक्स स्वतःच इशारा देतं की हे बरं नव्हे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (तिच्या सेटिंगच्या साठ्यात) एक व्हॅल्यू टाकून तिलाच यूटीसीवर आणणं मला जास्त स्वच्छ वाटतं.

तिसरी आणि खरी डोकेदुखी सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन). ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने, धोकादायक ठरलेले लिनक्स बूटलोडर ब्लॉक केले. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की ड्युअल बूट असलेल्या मशीनना हे लागू होणार नाही, पण बऱ्याच जणांना झालं, आणि लिनक्स सुरू व्हायच्या जागी स्क्रीनवर 'समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग' अशी ओळ येऊन मशीन बंद. यात लिनक्स वेगळ्या डिस्कवर असून पण उपयोग नाही, कारण तो नियम डिस्कवर नाही, बोर्डाच्या मेमरीत लिहिला जातो. बिटलॉकरचं वेगळंच, तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावलात की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केली असेल तर एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं, त्यामुळे पार्टिशन छोटं करायच्या आधी, बायोस उघडायच्याही आधी, ती की शोधून कागदावर उतरवून ठेवा. कागदावरच, त्याच मशीनवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये नको.

एवढं असूनही ड्युअल बूट करायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, डेस्कटॉपवर दोन डिस्क घ्या. लॅपटॉपवाल्यांना जागेची अडचण असते, टॉवरमध्ये ती सहसा नसते. प्रत्येक ओएसला स्वतःची डिस्क, स्वतःचं ईएफआय पार्टिशन, आणि कुठून सुरू करायचं ते बोर्डाच्या बूट मेन्यूतून निवडायचं. फक्त एक करा, एक ओएस टाकताना दुसरीची डिस्क काढून ठेवा, एम.२ (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) असेल तर स्क्रू काढून बाहेर, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर आधीच ईएफआय पार्टिशन दिसलं की तो आपला बूटलोडर खुशाल तिथेच नेऊन ठेवतो, लिनक्सचे काही इन्स्टॉलरही तेच करतात. नंतर कधीतरी तुम्ही ती डिस्क काढता आणि दुसरीवरची ओएसही उठत नाही.

आता व्हीएम. इथे होस्टवर एक हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) असतो, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, विंडोज प्रोमधला हायपर-व्ही किंवा लिनक्समधला केव्हीएम, आणि पाहुणी ओएस त्याच्या एका खिडकीत चालते. तिची अख्खी 'डिस्क' म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल. पार्टिशन नाही, ग्रब नाही, घड्याळाचं भांडण नाही. वर ज्या कटकटी सांगितल्या त्या सगळ्या इथे नाहीतच, आणि मला विचाराल तर बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी. इंटेल आणि एएमडीने २००५-०६ पासून प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिलीये, त्यामुळे कोड कंपाइल करणं, डेटाबेस चालवणं, ब्राउझर, ऑफिस असली कामं व्हीएममध्ये जवळपास खऱ्या मशीनच्या वेगाने होतात. बायोसमध्ये ती सोय चालू पाहिजे एवढंच. एएमडीच्या बोर्डवर ती 'एसव्हीएम मोड' या नावाने दडलेली असते, म्हणून लोकांना सापडत नाही.

विंडोज होस्ट असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीत बघा, एक छोटं हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर विंडोजने हायपर-व्ही आधीच चालू केलेला आहे, बऱ्याचदा सिक्युरिटीच्या 'मेमरी इंटिग्रिटी' सेटिंगमुळे, आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरशी थेट बोलायच्या जागी हायपर-व्हीच्या मध्यस्थीने काम करावं लागतंय. नावाप्रमाणेच चालतं मग ते. मेमरी इंटिग्रिटी बंद करायची की सरळ हायपर-व्हीच वापरायचा हे तुम्ही ठरवा. ऑफिसचं मशीन असेल तर मी सिक्युरिटीला हात लावणार नाही.

रॅमचा हिशोब सरळ आहे. ड्युअल बूटमध्ये जी जागी आहे तिला सगळी रॅम. व्हीएममध्ये वाटणी. १६ जीबीमध्ये एक लिनक्स व्हीएम आरामात जमते, ३२ असेल तर विचारही करायला नको, ८ असेल तर दोघीही उपाशी. आणि विंडोज ११ पाहुणी म्हणून टाकायची तर तिला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतं, ते व्हीएममध्ये खोटं बनवून देता येतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० पासून ही सोय आलीये. लायसन्स मात्र खरं आणि वेगळं लागतं.

पण ग्राफिक्सपाशी येऊन घोडं पेंड खातं. पाहुणीला जे ग्राफिक्स कार्ड दिसतं ते सॉफ्टवेअरने बनवलेलं असतं. डेस्कटॉप इफेक्ट, व्हिडिओ इथपर्यंत ठीक, पण थ्रीडी रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंगचं जड काम, कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डवर हिशोब करायची सोय) एआय मॉडेल ट्रेन करणं, हे त्याच्यावर होणार नाही. आणि काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट तर व्हीएम ओळखून गेम उघडूच देत नाही. यावर उपाय आहे, पासथ्रू, म्हणजे खरं कार्ड होस्टकडून काढून पाहुणीच्या हवाली करायचं. लिनक्स होस्ट, केव्हीएम, बायोसमध्ये आयओएमएमयू (खरं डिव्हाइस व्हीएमला थेट देऊ देणारी हार्डवेअरची सोय) चालू, होस्टसाठी दुसरं ग्राफिक्स (प्रोसेसरमधलं असलं तरी चालेल), आणि बोर्डाने ते कार्ड वेगळ्या गटात ठेवलेलं पाहिजे. कार्ड ज्या गटात असेल त्या गटातली सगळी डिव्हाइसेस त्याच्याबरोबर पाहुणीकडे जातात, त्यात तुमचा यूएसबी कंट्रोलर किंवा नेटवर्क कार्ड अडकलं असेल तर बसा. एनव्हिडिया तर आपली जीफोर्स कार्डं २०२१ पर्यंत व्हीएममध्ये मुद्दाम चालू देत नव्हती, ड्रायव्हर 'कोड ४३' दाखवून थांबायचा, आता तो प्रश्न राहिला नाही. जमलं की भारी वाटतं, एकाच मशीनवर दोन्ही पूर्ण ताकदीने. पण कामासाठी मशीन पाहिजे असेल आणि बोर्ड पासथ्रू डोळ्यासमोर ठेवून घेतलेला नसेल तर या नादाला लागू नका, इथे ड्युअल बूटच बरा.

मोडतोड झाली तर काय, हा फरक लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला पाहिजे. ड्युअल बूट मोडला की अख्खं मशीन अडतं, दुरुस्तीसाठी दुसरं मशीन किंवा लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो. व्हीएम मोडली तर एक खिडकी मोडली, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतलेला असेल तर दोन क्लिकमध्ये कालच्या स्थितीत. मात्र स्नॅपशॉटलाच बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर त्या मूळ फाइलच्या आधाराने उभा असतो, मूळ गेलं की तोही गेला. आणि व्हीएमची डिस्क फाइल वाढते तशी आपोआप कमी होत नाही, आत ४० जीबी उडवले तरी बाहेर ती तेवढीच फुगलेली.

ज्यांना विंडोजवर फक्त लिनक्सचं टर्मिनल आणि टूल्स पाहिजेत त्यांनी या दोन्हींच्या आधी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) बघा, ती पण आतून व्हीएमच आहे, खरा लिनक्स कर्नल चालतो, आणि विंडोज होमवर पण चालते. मॅकओएसचा विषय इथेच मिटवतो, ॲपलचं लायसन्स ती ओएस फक्त ॲपलच्याच हार्डवेअरवर चालवायला परवानगी देतं, व्हीएममध्ये असली तरी.

मग काही हुशार लोक विचारतात की दोन्ही का नको, डिस्कवर बूट होणारी विंडोज आहेच, तीच लिनक्समधून व्हीएम म्हणून उघडली तर? करता येतं, अख्खी डिस्क व्हीएमला द्यायची. पण त्या डिस्कवरचं एकही पार्टिशन त्या वेळी लिनक्समध्ये माउंट केलेलं (उघडून वापरात घेतलेलं) नको, फाइल मॅनेजरने आपोआप केलेलं पण नको, कारण दोन ओएस एकाच फाइलसिस्टीमवर एकाच वेळी लिहायला लागल्या की काही मिनिटांत सगळा चिखल होतो. म्हणून हेही वेगळ्या डिस्कवरच करायचं, पार्टिशनवर नाही. आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन अधूनमधून कुरकुरणार, तिला एकदा खरा बोर्ड दिसतो, एकदा खोटा.