खुर्ची उलटी केल्यावर दिसणारं नाव कुणाचं असतं? फिनिश फर्निचरवरच्या खुणांची पार्श्वभूमी

जुन्या फिनिश खुर्चीच्या बुडाशी जे नाव सापडतं, ते बहुतेक वेळा आपल्याला हवं असलेलं नसतं. आपण शोधत असतो आल्व्हार आल्टो किंवा इल्मारी तापिओव्हारा, म्हणजे फर्निचरची रचना करणाऱ्या नामवंत फिनिश कलाकाराचं नाव. हाती लागतं एखाद्या कारखान्याचं, गावाचं किंवा परदेशी आयातदाराचं नाव, कधी नुसता आकडा, तर कधी काहीच नाही. या खुणा संग्राहकांसाठी उमटवल्याच नव्हत्या. त्या होत्या कस्टमच्या साहेबासाठी, दुकानदारासाठी, नाहीतर मालाची यादी करणाऱ्या कारकुनासाठी. त्यामुळे खूण वाचण्याआधी ती कुणी, कुणासाठी केली हे विचारावं लागतं.

कारखान्यांच्या आधीच्या काळापासूनच हा घोळ आहे. फिनलंडमध्ये लग्नाच्या वेळी मुलीला रंगवलेली लाकडी पेटी देत. पेटीच्या दर्शनी बाजूला तीन-चार अक्षरं आणि खाली साल. बघणाऱ्याला ती सुताराची सही वाटते, पण असतात ती मुलीची आद्याक्षरं. स्वीडिश पद्धतीने लिहिलेलं असलं तर शेवटचं अक्षर बहुधा 'डी', म्हणजे अमक्याची मुलगी. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात आणि त्या नावावरून तांबट कोण ते कधीच कळत नाही, तसंच हे. इल्माजोकीच्या क्योन्नी घराण्याची उंच उभी घड्याळं फिनलंडभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या तबकडीवर नाव असतं खरं, पण ते यंत्र बनवणाऱ्याचं. बाहेरचं लाकडी कपाट कुणा दुसऱ्याच सुताराने केलेलं असू शकतं.

1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, नंतर 1917 पर्यंत रशियन झारच्या अमलाखालचा स्वायत्त प्रांत. शहरातले सुतार कारागिरांच्या संघांमध्ये बांधलेले असत. 1868 मध्ये हे संघ रद्द झाले, 1879 मध्ये धंद्याला पूर्ण मोकळीक मिळाली आणि मग कारखाने उभे राहू लागले. पोर्व्होमधला 'आयरिस' हा त्यातला अल्पायुषी पण गाजलेला. स्वीडिश उमराव लुई स्पारेने तो 1897 मध्ये काढला आणि 1902 मध्ये तो बंदही पडला. म्हणजे आयरिसची वस्तू खरी असेल तर तिचा काळ जेमतेम पाच वर्षांत बसतो. एवढी नेमकी तारीख मिळणं दुर्मीळच.

या काळापासून एक व्यावहारिक अडचण कायम राहिली, ती म्हणजे दोन भाषा. एकाच गावाची दोन नावं: तुर्कू म्हणजेच ओबो, पोर्व्हो म्हणजेच बोर्गो, व्हीपुरी म्हणजेच व्हीबोर्ग. कंपनीच्या नावामागे आपल्या 'लिमिटेड'सारखं फिनिशमध्ये 'ओय', स्वीडिशमध्ये 'आब', आणि पुष्कळदा दोन्ही. शिक्क्यावर ओबो लिहिलंय म्हणून माल स्वीडनचा ठरवणारे विक्रेते आजही भेटतात. व्हीपुरीचं नाव दिसलं तर मात्र थांबून बघावं. ते शहर दुसऱ्या महायुद्धानंतर कायमचं सोव्हिएत संघाकडे गेलं, तेव्हा व्हीपुरीचा फिनिश शिक्का 1944 नंतरचा असणं जवळजवळ अशक्य.

सगळ्यात गुंतागुंतीची आणि सगळ्यात रंजक गोष्ट आल्टोच्या फर्निचरची. तुर्कूजवळ ओट्टो कोर्होनेनचा सुतारकामाचा कारखाना होता. 1920 च्या दशकाच्या शेवटी आल्टो आणि कोर्होनेन यांनी मिळून बर्च या झाडाचं लाकूड वाकवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून पायमिओ गावच्या क्षयरुग्णालयासाठीची आरामखुर्ची आली आणि 1933 मध्ये ती तीन पायांची, वर गोल बैठक असलेली तिपाई, क्रमांक 60. तिचा पाय बघण्यासारखा आहे. भरीव बर्चच्या पट्टीला वरच्या टोकाकडून लाकडाच्या रेषांच्या दिशेने बारीक चिरा पाडायच्या, त्यात गोंद लावून पातळ व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, सरकवायचं आणि मग तो भाग काटकोनात वाकवायचा. वाकलेल्या जागी बाजूने पाहिलं तर एकाआड एक पातळ रेषा दिसतात. शिक्का पुसला तरी या रेषा राहतात, आणि माझ्या मते शिक्क्यापेक्षा त्याच जास्त भरवशाच्या.

विक्रीचा भार लगेच परदेशावर गेला. 1933 मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात आल्टोच्या फर्निचरचं प्रदर्शन भरलं. वास्तुकलेचे समीक्षक मॉर्टन शँड यांनी त्यात पुढाकार घेतला होता. त्यानंतर ब्रिटनमधल्या आयातीसाठी 'फिनमार' ही कंपनी निघाली. तिची छोटी पट्टी ज्या खुर्चीला असते ती इंग्लंडमध्ये विकली गेली एवढं नक्की. फिनमारने स्वतः एकही खुर्ची बनवलेली नाही. 'आर्टेक'चंही पुष्कळ वर्षं तसंच होतं. आल्व्हार आणि आइनो आल्टो, माइरे गुलिक्सेन आणि निल्स-गुस्ताफ हाल या चौघांनी 1935 मध्ये हेलसिंकीत ती सुरू केली, पण ती माल विकणारी कंपनी. लाकूड वाकवणं, चिकटवणं, घासणं हे काम कोर्होनेनच्याच कारखान्यात चालायचं. तो कारखाना आर्टेकच्या मालकीचा झाला थेट 2014 मध्ये. म्हणजे 'आर्टेक' हा शिक्का बनवणाऱ्याचा म्हणून वाचला तर दशकानुदशकांची चूक होते. तरी सगळे तसाच वाचतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. टंचाईच्या त्या वर्षांतल्या काही तिपायांचे आणि खुर्च्यांचे पाय वाकवलेले नाहीत. काटकोनात फिंगर जॉइंट घालून, म्हणजे बोटांत बोटं गुंतवावीत तशा खाचा एकमेकींत बसवून, दोन तुकडे जोडलेले आहेत. नवख्याला हा नकली माल वाटतो. प्रत्यक्षात तो 1940 च्या दशकाचा पुरावा असतो आणि आज त्याला जास्त भाव येतो. युद्ध संपल्यावर फिनलंडवर सोव्हिएत संघाची 30 कोटी डॉलर इतकी नुकसानभरपाई बसली, कच्च्या मालाची ओढाताण चालूच राहिली. त्याच सुमारास स्वीडनमधल्या हेडेमोरा गावात आल्टोच्या फर्निचरचं उत्पादन सुरू झालं आणि 1950 च्या दशकात काही वर्षं चाललं. त्या मालावरचा शिक्का स्वीडिशमध्ये असतो आणि त्यात हेडेमोराचं नाव असतं. रचना फिनिश, लाकडाला हात स्वीडिश कामगारांचा. याला फिनिश फर्निचर म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालतात. लिलावाच्या यादीत दोन्ही नावं दिलेली असली की पुरे.

आल्टोच्या बाहेर पडलं की लाहती शहर लागतं. ऑगस्ट आवोनियसने 1918 मध्ये तिथे काढलेला 'आस्को' पुढे देशातला सर्वांत मोठा फर्निचर कारखाना झाला, आणि 1928 मध्ये सुरू झालेला 'इस्कू'ही लाहतीचाच. घराघरांत पोचलेला माल यांचा, त्यामुळे जुन्या बाजारात सर्वांत जास्त दिसतात ते यांचेच शिक्के.

तापिओव्हाराच्या खुर्च्यांमध्ये गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. एकच खुर्ची अनेकांनी बनवली. हेलसिंकीतल्या 'डोमुस आकाडेमिका' या विद्यार्थी वसतिगृहासाठी 1946 मध्ये त्याने केलेली खुर्ची केरावा गावातल्या कारखान्यात बनली. तीच ब्रिटनमध्ये 'स्टॅक्स' या नावाने खपली आणि अमेरिकेत नॉल कंपनीने विकली. पाठीला उभ्या काड्या असलेली 'फॅनेट' मुळात स्वीडनच्या एड्सबी कारखान्यासाठी केलेली, नंतर आस्कोनेही काढली. फॅनेटखाली एड्सबीचं लेबल निघालं म्हणजे फसवणूक झाली असं नव्हे. उलट तेच अपेक्षित आहे.

आता खुणांच्या जातींकडे. कागदी लेबल सर्वांत आधी जातं. ओलाव्याने सुटतं किंवा पॉलिश करणारा खरवडून टाकतो. तरी बैठकीच्या खाली कमी ऊन लागलेला, फिकट चौकोन दिसला तर तिथे लेबल होतं हे कळतं. शाईचा शिक्का पुसट होतो, पण बाजूने तिरका प्रकाश टाकला की पुष्कळदा वाचता येतो. तापल्या लोखंडाने डाग देऊन उमटवलेली खूण सहसा जात नाही. इंग्रजीतलं 'मेड इन फिनलंड' निर्यातीकडे बोट दाखवतं. अमेरिकेने 1890 च्या आयात कायद्यात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं होतं, आणि कारखाने मग सगळ्याच मालावर तो शिक्का मारून मोकळे व्हायचे. म्हणून अशी खुर्ची हेलसिंकीच्या घरातही निघते. किल्लीच्या आकारातला फिनिश झेंडा, म्हणजे 'आवाइनलिप्पू' हे देशी मालाचं चिन्ह, 1965 पासूनचा. तो दिसला की 1950 च्या दशकाच्या गप्पा बंद.

काही अक्षरांचा बनवणाऱ्याशी संबंधच नसतो. चौकटीतलं 'एसए' म्हणजे फिनिश सैन्याची मालमत्ता, 'व्हीआर' म्हणजे सरकारी रेल्वे. शाळा, रुग्णालयं आणि ग्रंथालयं यांचे पत्र्याचे नंबर तर सगळीकडे. हे नंबर निरुपयोगी मात्र नाहीत: वस्तू कुठल्या संस्थेत होती हे कळलं की त्या इमारतीचं साल सापडतं, आणि इमारतीबरोबर फर्निचर घेतलं गेलं असेल तर वस्तूचंही.

प्लास्टिकच्या काळातही प्रश्न तोच राहिला. एरो आर्नियो या फिनिश रचनाकाराची गोलाकार 'बॉल' खुर्ची आस्कोने 1966 मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या फर्निचर प्रदर्शनात मांडली. 1990 च्या दशकात ती 'ॲडेल्टा' ही जर्मन कंपनी बनवू लागली. जाहिरातीत दोन्ही '1960 च्या दशकातली फिनिश खुर्ची' म्हणून येतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून बुडाचा फोटो मागून घ्यावा.