नुसतं बघून मेंदू घडत नाही
मुलाला थेरपीच्या यंत्रासमोर बसवा, दिवे-आवाज-कंपनं द्या, मेंदू आपोआप घडेल, असं पालकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. हे खरं नाही.

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या संशोधकांनी मांजराच्या पिलांच्या जोड्या गोल फिरणाऱ्या दांडीला जोडल्या. एक पिलू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं टोपलीत बसून फिरायचं. दोघांना दिसायचं जवळपास सारखंच. तरी टोपलीतलं पिलू जमिनीजवळ नेल्यावर पंजा पुढे करेना. समोरचं किती खोल, किती दूर, याचा अंदाजच नव्हता. मोकळं फिरू दिल्यावर मात्र ते सावरलं!

म्हणून हालचाल, स्पर्श आणि तंत्रज्ञान थेरपीत जरूर एकत्र आणा. पण, उदाहरणार्थ, पडद्यावरच्या खेळातला चेंडू मुलाच्या स्वतःच्या हाताने हलतो का, हे आधी बघा.